खाली डावीकडचा कोपरा

५ ऑगस्ट, सोमवार

घाल तारीख. घातलीस? मग लिही — यंदा मला काही म्हणजे काही कळत नाही.

एवढं लिहून वही मिटली तरी चालेल. पण एक्केचाळीस ऑगस्ट माझ्या नवऱ्याने, एमोसने, या वह्या भरल्या. मी बोलायची, तो लिहायचा, मधेमधे स्वतःची अक्कल घालायचा. फेब्रुवारीत तो गेला. आता पेन व्हर्डेलच्या हातात — माझी लेक, चौथीच्या वर्गाला शिकवते, अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला काय, मोती काय नि वाटाणे काय! आकडे येतात मला. अक्षरं कधी आली नाहीत. कापूस असेल तेव्हा शाळा बंद, आणि आमच्याकडे कापूस वर्षभर असायचा.

वहीचा नेम असा — ऑगस्टभर रोज सकाळी मैदानाच्या कुंपणापाशी खुर्ची टाकायची, आमच्या टॅलोवा कॉलेजचा फुटबॉलचा सराव बघायचा, संध्याकाळी जेवणानंतर जे वाटलं ते सांगायचं. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी आकडा लिहायचा. अकरापैकी किती जिंकणार. बस्स.

संघाचा कोच म्हणजे व्हर्डेलचाच नवरा, रोझेल. गेल्या साली दोन जिंकला, नऊ हरला. कॉलेजच्या मंडळाने तोंडावर सांगितलंय — एकतीस तारखेला बेथेल क्रीकशी सामना, तो हरलास तर दुसऱ्या सामन्याला यायची तसदी घेऊ नकोस. मग ही दोघं ह्यूस्टनला जाणार, त्याच्या भावाकडे. "तूही चल, आई." कशी चलू? एमोस इथे आहे, चर्चच्या मागे, चिंचोळ्या जागेत, आणि शेजारची जागा माझी आहे.

हे कशाला लिहिलंस? बरं, राहू दे.

६ ऑगस्ट, मंगळवार

खेळ साधा आहे हो, आपला अमेरिकेतला फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. चार डावांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार डाव. आमच्या संघाचं नाव खेचरं, आणि साठ वर्षं खेचरांसारखेच खेळलो. चेंडू काखोटीला मारायचा, मान खाली, मधून घुसायचं. तीन यार्ड. परत तीन. परत तीन. बघणाऱ्याला झोप यायची, पण समोरच्याच्या बरगड्यांना यायची नाही.

यंदा रोझेल म्हणतो, फेकायचं!

आज सकाळी बघितलं. पोरं इकडेतिकडे पांगलेली, जसं कोंबड्यांत कुत्रं सोडलंय. बारा नंबरचं पोर चेंडू फेकतंय, पकडणारा भलतीकडेच. तेरा वेळा फेकला, चार वेळा पकडला. मी मोजले.

जेवताना विचारलं, "जावईबुवा, खेचरांना पंख कधी फुटले?"

म्हणाला, "आई, भेंडी इकडे सरकवा."

भेंडी तळलेली असली की हा माणूस बहिरा होतो. कॉलेजात असताना माझ्याच भटारखान्यात ताटं धुवायचा, तेव्हाही तसाच.

८ ऑगस्ट, गुरुवार

आता फळा आला.

म्हणजे असं — मैदानाच्या कडेला एक पोर दरवाजाएवढा पुठ्ठा धरून उभं. त्यावर चार चौकोन, चौकोनात चार चित्रं. आज पहिल्यांदा वर मासा आणि कंगवा, खाली टोपी आणि मक्याचं कणीस. पोरं मान वळवून बघतात, आणि लगेच डाव! पुठ्ठा खाली, दुसरा वर. घंटा, पीच, तवा, बूट. पुन्हा डाव.

पूर्वी एक जण धावत यायचा, कानात सांगायचा. आता चित्रं. कोणत्या चित्राचा काय अर्थ, ते कोणाला माहीत! समोरच्या संघाला कळू नये म्हणून हे सगळं. मला कळू नये म्हणूनही असेल.

एमोस असता तर म्हणाला असता, "झिपोरा, अख्ख्या जन्मात पहिल्यांदा कॉलेजने तुला वाचता येईल असं काही छापलंय. वाच की!"

वाचते. थांबा जरा.

९ ऑगस्ट, शुक्रवार

मासा म्हणजे पळ. ठरलं.

१० ऑगस्ट, शनिवार

मासा म्हणजे पळ नव्हे.

१२ ऑगस्ट, सोमवार

खेचराचंही चित्र आहे, पण ते प्रत्येक पुठ्ठ्यावर नसतं. घंटा असली की कधी फेकतात, कधी पळतात. दोन तास बघून डोकं भणभणलं. पीच दिसलं आणि मला फक्त पीचचं पक्वान्न आठवलं — याचा डावपेचाशी काही संबंध नसावा.

एक नवीन माणूस आला कुंपणापाशी. तपकिरी हॅट, पातळ मिशी, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. ट्रक चालवायचा, आता निवृत्त. होझिया क्रम्प्टन नाव. उभाच होता बिचारा, खुर्ची नव्हती. हातात कागदी पिशवी, उकडलेल्या शेंगा, गरम, मिठाचं पाणी पिशवीतून ठिबकतंय.

"घ्या मिस झिप. सगळं गाव तुम्हाला याच नावाने हाक मारतं ना?"

"शेंगा देणारा काहीही हाक मारू शकतो," म्हटलं.

चांगल्या शिजवल्या होत्या. सालं मऊ, दाणा मेणासारखा. अशा शेंगा उकडायला सहा तास लागतात, म्हणजे घाईचा माणूस नव्हे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

त्यालाही काही कळत नाही. दोघं मिळून काही कळत नाही, हे एकट्याने न कळण्यापेक्षा बरं.

"मला वाटतं कंगव्यात काहीतरी आहे," तो म्हणाला.

"तुमच्या डोक्यावर केस असते तर तुम्हाला कळलं असतं," मी म्हटलं. हॅट काढून दाखवली त्याने. हसलो.

सहा महिन्यांत एवढी हसले नव्हते. हे नको लिहूस. लिहिलंस? तुझे वडील पण असेच!

१४ ऑगस्ट, बुधवार

कळलं!!

दोन उद्गारचिन्हं घाल. दिसतात कशी, दाखव. हं — काठीखाली ठिपका. छान आहेत.

ऐक. चारातली तीन चित्रं नुसती भर आहे. बघायचा तो फक्त खालचा डावा कोपरा. तिथे खायचं काही असलं — मासा, कणीस, भेंडी, पीच — तर पळायचं. न खायचं असलं — घंटा, बूट, कंगवा — तर फेकायचं. एकोणीस डाव बघितले, एकोणीस बरोबर!

आणि मला का कळलं, तेही सांगते. कॉलेजच्या भटारखान्यात एकतीस वर्षं होते. डबे सगळे सारखे, वरची अक्षरं माझ्या काय कामाची? एकदा पिठाऐवजी धुण्याचा सोडा मळायला घेतला होता, देवाने वाचवलं. मग मी रंग आणला, प्रत्येक डब्यावर चित्र काढलं. तोंडात जाणारं सगळं खाली डावीकडच्या फळीवर. सोडा, फिनेल, उंदराचं औषध उजवीकडे, वर. नव्या माणसाला एकच वाक्य — "खाली डावीकडे बघ, मरणार नाहीस."

रोझेल तिथे चार वर्षं ताटं धूत होता!

माझ्या फळ्या उचलून मैदानावर नेल्या या माणसाने. विचारलंसुद्धा नाही. आता राग यावा की छाती फुगावी, तेच कळेना. आज जेवताना त्याला काही बोलले नाही. नुसती भेंडीची थाळी त्याच्या खाली डावीकडे ठेवली. त्याच्या लक्षात आलं नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

क्रम्प्टनला सांगितलं. काय खूश झाला! मी आधी सांगायची — "पळ" — आणि पोरं पळायची. "फेक" — आणि चेंडू हवेत. मांडीवर थाप मारून म्हणाला, "मिस झिप, तुम्हाला कॉलेजने मास्तर करायला हवं होतं!"

चौऱ्याऐंशी वर्षांत मला मास्तर कोणी म्हटलं नव्हतं. अख्खी पिशवी देऊन गेला.

व्हर्डेल, थांबलीस का? क्रम्प्टन. क्र-म्प्ट-न. होझिया. हो, बाहेरगावचा. किती प्रश्न विचारतेस! लिही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून संध्याकाळचा सराव पत्र्याच्या शेडमध्ये, दारं लावून. ऑगस्टमध्ये! आत माणूस नुसता उभा राहिला तरी उकडून निघेल. विचारलं तर रोझेल म्हणतो, "बाहेर ऊन लागतं पोरांना." संध्याकाळी सहाला कुठलं ऊन?

या माणसाला नोकरी टिकवायची आहे की पोरांचं सूप करायचं आहे?

१९ ऑगस्ट, सोमवार

एक गंमत. सकाळी गेले तर माझी खुर्ची हलवलेली. झाडाखाली, सावलीत, पूर्वीपेक्षा दहा पावलं जवळ — पुठ्ठा इतका स्वच्छ दिसतो की माशाचे खवले मोजावेत. आणि शेजारी दुसरी खुर्ची.

"ही कोणाची?"

"तुमच्या पाहुण्यांची," सामान बघणारा लिरॉय म्हणाला. "कोच म्हणाले, मिस झिपचा पाहुणा उभा राहिलेला बरा दिसत नाही."

जावयाला एवढी रीत कधीपासून आली? लग्नानंतर सव्वीस वर्षांनी येते का?

क्रम्प्टन बसला. आम्ही दोघं राजाराणीसारखे.

२१ ऑगस्ट, बुधवार

मी पुन्हा गोंधळले. उलट्या बाजूने.

आता फारच सोपं झालंय. कोपऱ्यात पीच — पळ. कोपऱ्यात बूट — फेक. एकदाही चुकत नाही, आणि पुठ्ठा धरणारं पोर आमच्याकडे तोंड करून उभं! चाळीस पावलांवरून माझी शेजारीण मिनर्व्हासुद्धा ओळखेल, आणि तिला मोतीबिंदू आहे. बेथेल क्रीकवाले पहिल्या पाच मिनिटांत ओळखतील. असा डावपेच असतो का? रोझेलला सांगावं तर मला कसं कळलं, तेही सांगावं लागेल, मग कोणाला सांगितलं ते.

कोणाला काय, क्रम्प्टनलाच. तो काय करणार आहे!

आणि ही व्हर्डेल. रोज विचारते, "मग काय म्हणाला तो आज? कागदावर काही लिहून घेतो का?" बाई ग, मी म्हातारी आहे, नवरी नाही! लिहून घेतो थोडं. छोटी वही आहे त्याच्याकडे. म्हणतो, डॉक्टरांनी सांगितलंय, विसरतो म्हणून.

२५ ऑगस्ट, रविवार

आज फक्त एवढंच लिही — प्रवचन लांबलं. कोंबडी चांगली होती.

२६ ऑगस्ट, सोमवार

कुंपणापाशी गेले नाही. गुडघा.

२७ ऑगस्ट, मंगळवार

गुडघ्याला काही झालेलं नाही.

व्हर्डेल, पेन नीट धर आणि मधे बोलू नकोस. वहीशी बोलतेय मी, तुझ्याशी नाही. तुझ्या तोंडाकडे बघून सांगता येत नाही, म्हणून खिडकीकडे बघून सांगते. तू फक्त लिही.

रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात मिनर्व्हा बटाटे सोलत होती. म्हणाली, "तुझ्या त्या शेंगावाल्याचं नाक बघितलंस का कधी?"

"नाक काय बघायचं?"

"बेथेल क्रीकच्या कोचचं नाक आहे ते. हा त्याचा सख्खा थोरला भाऊ. ट्रकवर असताना माझ्या दिराचा जोडीदार होता. तुला माहीत नव्हतं?"

बटाटा हातातच राहिला माझ्या.

तर लिही. रोझेलचा डावपेच मी फोडला. शत्रूच्या भावाला, पिशवीभर शेंगांसाठी, आणि मास्तर म्हटलं म्हणून. शेंगांचं मीठ धुऊन टाकता आलं असतं, पण तो शब्द गोड लागला. सहा महिने या घरात माझ्याशी सगळे आवाज खाली करून बोलतात — आई, बस, आई, जप, आई, गोळी घेतलीस का. तो माणूस मला विचारायचा, "आता काय करतील, मिस झिप?" आणि मला माहीत असायचं. म्हणून सांगत गेले. दहा दिवस.

एकतीसला हरलो तर ते माझ्यामुळे. तुमचं घर उठलं तर ते माझ्यामुळे. बस्स. संपलं.

रडू नकोस. मी म्हटलं ना, मधे—

— ही फडक्यात तोंड घालून आत गेली होती. खांदे हलत होते. आता परत आलीये, डोळे लाल आहेत. लिही, डोळे लाल आहेत.

२८ ऑगस्ट, बुधवार

रात्री तिने त्याला सांगितलं असणार, कारण सकाळी रोझेल माझ्यासमोर बसला. मी बिस्किटावर सिरप ओतत राहिले, ओतत राहिले, बशीचं तळं झालं.

"आई," म्हणाला, "होतं असं."

होतं असं?! माणूस काच फुटली तर म्हणतो होतं असं!

"बदल ना मग तो कोपरा!" मी म्हटलं. "तीन दिवस आहेत. उलटं कर, वाकडं कर, काहीतरी कर!"

"तीन दिवसांत पोरांच्या डोक्यात नवीन काय घालणार? आहे तेच चालू ठेवू." मग दोन बिस्किटं खाल्ली. तिसरं घेतलं. "तुम्ही मात्र आज जा कुंपणापाशी. रोजचं आहे तुमचं ते. क्रम्प्टनसाहेब एकटे बसतील."

साहेब!

मला दोनच गोष्टी सुचतात. एक, हा माणूस मनाने ह्यूस्टनला पोचलाय. दोन, उकाड्याने त्याचा मेंदू शिजला. शेडमध्ये दारं लावून अजून काय होणार?

तरी गेले. तोंडाला कुलूप. क्रम्प्टनने पिशवी पुढे केली, मी नको म्हटलं. तो हॅट गुडघ्यावर फिरवायला लागला. मग म्हणाला, "कोणीतरी सांगितलं वाटतं."

"तुमच्या नाकाने सांगितलं."

हसला नाही. "भाऊ आहे माझा, मिस झिप. धाकटा. त्याचीही नोकरी टांगणीला आहे."

म्हणजे तिकडेही कोणाचं घर आहे. हे मला आधी का नाही सुचलं? एवढं बोलून तो उठला. शेंगांची पिशवी खुर्चीवर ठेवून गेला. मी घेतली नाही. खारींनी घेतली.

२९ ऑगस्ट, गुरुवार

दुसरी खुर्ची रिकामी. रोझेलला विचारलं, काढू का? म्हणाला, असू दे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

आज आकडा लिहायचा दिवस.

एमोस पेन टोकाला चाटायचा आणि म्हणायचा, "बोला, बाईसाहेब." मी बोलायची. सात. पाच. एका साली अकरा म्हटलं आणि अकरा झाले, तर तो ती वही घेऊन गावभर फिरला होता.

यंदा संघ फेकतो की पळतो, ते मला कळत नाही. जावई मूर्ख आहे की संत, ते कळत नाही. मी वाईट बाई आहे की नुसती बडबडी, तेही कळत नाही. आकडा कुठून आणू?

जागा मोकळी ठेव.

३१ ऑगस्ट, शनिवार

आवाज बसलाय, हळू बोलते, कान जवळ आण.

जिंकलो. चौतीस–दहा. बेथेल क्रीकला! मी तिथे होते, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरी सांगते की हे असं घडूच शकत नाही.

पहिलाच डाव. पुठ्ठा वर. खाली डावीकडे — भेंडी. म्हणजे पळ. मी डोळे मिटले. बेथेल क्रीकचे सगळे दांडगे मधे धावले, भिंत करून उभे राहिले, जणू त्यांनाही भेंडी दिसली. दिसलीच होती! आणि बारा नंबरने चेंडू फेकला. त्यांच्या सगळ्यांच्या डोक्यावरून. पलीकडे आपला पोरगा एकटा, आजूबाजूला कुत्रंसुद्धा नाही. चालत गेला तो रेषेपलीकडे, चालत!

मग बूट. म्हणजे फेक. त्यांचे सगळे मागे पांगले — आणि आपण मधून पळालो. चौदा यार्ड. मग कणीस, आणि फेकला. कंगवा, आणि पळाला. पोरं सगळं चुकवत होती आणि सगळं बरोबर येत होतं! मिनर्व्हा किंचाळत होती, बँडवाले वेडे झाले होते, मी एकटी डोकं धरून बसलेली. "मिस झिप, बरं वाटत नाही का?" बरं काय वाटणार! तिसऱ्या डावापर्यंत मला वाटलं, दोन आठवडे मला दिसलं ते स्वप्नच होतं.

त्यांचा कोच हातातला कागद बघायचा, पुठ्ठा बघायचा, परत कागद. शेवटी चुरगाळून फेकला.

सामना संपल्यावर समोरच्या बाजूला तपकिरी हॅट दिसली. तो माझ्याकडेच बघत होता. हॅट काढली, छातीशी धरली, मान वाकवली. मला वाटलं, चिडला असेल. चिडलेला माणूस असं करत नाही.

मी काय केलं, की त्याने माझ्यासमोर हॅट काढावी?

१ सप्टेंबर, रविवार

प्रवचन चालू असताना कळलं. खरा बघायचा तो वरचा उजवा कोपरा! माझ्या भटारखान्याची दुसरी फळी. काल नाही बदलला तो — पंधरा दिवस झाले बदलून, शेडमध्ये, दारं लावून. मैदानावरचा कोपरा फक्त त्या दोन खुर्च्यांसाठी होता.

यंदाचा डावपेच मीच होते.

व्हर्डेल, मान वर कर. वही बाजूला ठेवू नकोस, लिही. ही वही रोज रोझेलला वाचून दाखवत होतीस ना? फडक्यात तोंड घालून हसत होतीस ना?

मोकळी जागा राहिलीये, तिथे आठ लिही. आणि हे त्यालाही वाचून दाखव — माझ्या मनातला आकडा वेगळा आहे. तो यापुढे वहीत येणार नाही.